पांढऱ्या कपड्यातला फोटो

इंदोरा, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

श्री. बापूजी डाखोळे यांस,
नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या फोटोमुळे हे पत्र लिहावं लागतं आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

शनिवारी तुमचं पाकीट आलं. आत माझ्या यजमानांचा फोटो. ते तुमच्या त्या दोन माणसांच्या छोट्या, उघड्या विमानात मागच्या जागेवर बसले आहेत, हेल्मेट मांडीवर, अंगात पांढरा सदरा, मांडीखाली काहीतरी निळं दिसतं. आणि हसताहेत. फोटोच्या मागे तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, 'कवडूभाऊ. दर पौर्णिमेला न चुकता येत. हा फोटो विहारात लावावा.'

आता माझी अडचण ऐका. १९ डिसेंबरला त्यांना जाऊन वर्ष होतं. त्या दिवशी आमच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. विहार समितीचा उन्मेष त्यांचा फोटो हॉलमध्ये लावणार आहे आणि खाली 'अष्टशील पाळणारे आदर्श उपासक' असं लिहिणार आहे. मी दोन शब्द बोलायचे आहेत.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. हे दर पौर्णिमेला पहाटे पांढरे कपडे घालून घरातल्या बुद्धमूर्तीसमोर अष्टशील घ्यायचे. दुपारनंतर जेवायचं नाही, खुर्ची-पलंगावर बसायचं नाही, खोटं तर कधीच बोलायचं नाही. मग 'कन्हानच्या विहारात ध्यानाला जातो' म्हणून निघायचे आणि दुपारच्या आत जेवायला परत यायचे. विमानाचं म्हणाल, तर २००४ साली तुम्ही दोघे इंजिन बंद पडून तुरीच्या वावरात उतरलात. घरी आले तेव्हा त्यांच्या कॉलरमध्ये तुरीची पानं होती आणि हनुवटी फुटली होती. मी म्हटलं, "पुरे आता." ते म्हणाले, "बरं." त्यानंतर ते विमानात बसले नाहीत, असं मी धरून चालले.

आता तुमचा फोटो म्हणतो की ते दर पौर्णिमेला तुमच्याकडे होते. मग विहारात कोण होतं? आणि त्या 'बरं'चं काय झालं? मला लोकांसमोर उभं राहून खोटं बोलायचं नाही.

तुमची-माझी भेट आमच्या मुलीच्या, भावनाच्या लग्नात झाली तेवढीच, तरी विचारते आहे. फोन केला असता, पण मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. फोनवर माणसं किती सहज खोटं बोलतात ते मी रोज पाहिलं आहे. कागदावर माणूस जरा थांबतो. तुम्ही कागदावरच उत्तर द्या.

विमल रामटेके


कन्हान
१७ नोव्हेंबर

विमलवहिनींना सप्रेम जय भीम.

पत्र भेटलं. वाचता वाचता मी उभाच झालो. सूनबाई म्हणे, "बाबा, काहून उभे राहिले? कोणाचं काही झालं काय?" म्हटलं, नाही वं, हे बसून वाचायचं पत्र नोहे.

वहिनी, माफ करा, मी बोलतो तसंच लिहितो. खाणीत लोकायवर ओरडण्यात अख्खी नोकरी गेली, शुद्ध लिहायची सवय नाही.

तुमचा गैरसमज होऊन राहिला. फोटो जुना आहे, तुरीच्या वावराच्याही आधीचा. तेव्हा ते उडत होते हे तुमालेही ठाऊक होतं. पौर्णिमेला यायचे ते निव्वळ भेटीले. आल्याबरोबर विमान पुसायचे. तेही जुन्या मऊ सदऱ्यानं. मी नवं फडकं आणलं तर म्हणत, "ठेवा ते, ओरखडे पडतात." मग धावपट्टीवरचे गोटे वेचायचे. मग पंखाखाली चटई टाकून बसायचे, मी उडून खाली येईपर्यंत. बस, एवढंच.

मी किती वेळा म्हटलं असन, "बसा ना गा कवडूभाऊ, एक चक्कर मारून आणतो." तर म्हणत, "आज अष्टशील आहे. उंच आसनावर बसता येत नाही." मी म्हणे, "अहो, तुमचे भगवान आन् माझं विमान, यायचं भांडण तुम्ही काहून लावून राहिले?" हसायचे. पण बसले नाहीत.

फोटो मी जुना म्हणून पाठवला. तुमाले त्रास झाला असन तर फाडून टाका.

कवडूभाऊ हवामान खात्यातला माणूस होता. माह्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या मांडवाची तारीख त्यायले विचारून काढली. एकदाही भिजलो नाही. अजून काय लिहू.

तुमचा,
बापूजी


इंदोरा
२१ नोव्हेंबर

श्री. बापूजी,
नमस्कार.

फोटो जुना नाही. त्यांच्या उजव्या कानामागे ऐकायचं मशीन आहे. ते मशीन मी स्वतः त्यांच्याबरोबर सीताबर्डीला जाऊन गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात आणलं. तुरीच्या वावराआधी त्यांचे कान इतके तिखट होते की स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला तर अंगणातून विचारायचे, काय पडलं.

तेव्हा तुम्ही कागदावरही खोटं लिहू शकता, हे समजलं.

मी इथेच थांबले असते. पण मंगळवारी मी कन्हानच्या विहारात जाऊन आले. आधी तुम्हाला न सांगता गेले, कारण सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याआधी पोचला असता. तिथल्या अंजनाबाई झाडलोट करत होत्या. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "कवडूजी ना? दर पुनवेले येत. ह्या खांबाजवळ बसत. एक पुनव सोडली नाही त्यायनं." भन्ते बाहेरगावी गेले होते, त्यांची भेट झाली नाही.

आता मला सांगा, एकच माणूस पौर्णिमेच्या सकाळी विहारातल्या खांबाजवळ आणि तुमच्या विमानाजवळ कसा असेल? अंजनाबाई खोटं बोलत नाहीत, त्यांना त्यात काही मिळायचं नाही. तुम्ही एक गोष्ट खोटी सांगितली आहे, म्हणून बाकीच्या खऱ्या असतील की नाही हे मला ठरवता येत नाही. त्यातही ती उंच आसनाची गोष्ट मला छळते. अष्टशीलात उंच आसन वर्ज्य आहे, हे खरं. पण ते तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. म्हणजे हे तुम्ही रचलेलं नाही. पण मग फोटोत ते आसनावर कसे?

त्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यांवर पौर्णिमेला गवताचे डाग असायचे. मी ते ब्रशने घासून काढायचे आणि मनात म्हणायचे, या विहारात सतरंजी नाही का?

माझी मुलगी पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, जाऊ दे ना, बाबा चांगले होते, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत असेल. मला जे माहीत होतं त्याचं काय करू? या माणसाने रोज संध्याकाळी मुलांना समोर बसवून त्रिशरण-पंचशील म्हणून घेतलं. ताप असला तरी. चौथं शील आलं की मुलांकडे पाहून थांबायचे, आज कोणी खोटं बोललं असेल तर आत्ता सांगा म्हणून. तिन्ही मुलांना एका लुनावर बसवून विहारात न्यायचे. मी पापड करायला बसले की आभाळाकडे पाहून सांगायचे, आज नको, तीनला येईल. आणि तीनला यायचा. अशा माणसाने मला वीस वर्षं अर्धीच गोष्ट सांगितली?

मला काही कळेनासं झालं आहे. मला न कळलेली गोष्ट मी सहसा ठेवून देत नाही.

विमल रामटेके


इंदोरा
१ डिसेंबर

श्री. बापूजी,

उत्तर आलं नाही. तुम्ही आजारी असाल तर कळवा. आजारी नसाल तर उत्तर द्या. उन्मेष फ्रेम करायला फोटो मागतो आहे. मी त्याला थांबवलं आहे.

विमल रामटेके


कन्हान
३ डिसेंबर

विमलवहिनींना जय भीम.

आजारी नाही. घाबरलो होतो. आता सगळं लिहितो, काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

पहिलं हे, की अंजनाबाईनं तुमाले खरं सांगितलं. कवडूभाऊ पहाटे आधी विहारातच जात. तिथलं झालं की मंग माह्याकडे. विहारातून आमची धावपट्टी सायकलनं जवळ आहे. दोन्हीकडे असत ते, एका मागे एक. यात त्यायनं कोणाला काय फसवलं?

दुसरं, ते खरंच उडत नव्हते. चटईची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी एकदा चिडून म्हटलं, "रविवारी या ना मंग! रविवारी कुठलं आलं तुमचं शील?" तर म्हणाले, "रविवारी आलो तर बसन ना बापूजी. म्हणूनच पौर्णिमेला येतो." मले तेव्हा समजलं नाही. म्हटलं, धार्मिक माणूस आहे, असन काही.

आता तिसरं. ते लिहायले हात होत नाही.

फोटो मागल्या वर्षीचा आहे. आश्विन पौर्णिमा. त्या दिवशी ते सायकलनं नाही, ऑटोनं आले. तब्येत उतरली होती. पांढरे कपडे होते, पण बगलेत चटई नव्हती. तिथेच मले चुकल्यासारखं झालं. विमान पुसलं, गोटे वेचले नाही. मंग म्हणाले, "बापूजी, आज बसतो."

म्हटलं, "आन् अष्टशील?"

म्हणाले, "आज पंचशीलच घेतलं. गोळ्या सुरू आहेत, रात्री जेवावं लागते. उंच आसनाची अट नाही आता. आमची निळी गादी कुठं आहे?"

वहिनी, तुम्ही शिवून दिलेली गादी. ते बुटके, समोरचं दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही निळ्या लुगड्याची दिली होती शिवून. शेडमधी तशीच ठेवली होती मी, खोळ चढवून. आणून दिली. बसले. फोटो मीच काढला मोबाइलवर.

मी समोर, ते मागं. धावपट्टीवर नमो तस्स सुरू केलं त्यायनं, पूर्ण तीन वेळा. पहिल्यापासूनची सवय. मी पहिले म्हणायचो, "तुमचं होईपर्यंत आपण मनसरले पोहोचतो." त्या दिवशी नाही म्हटलं. थांबलो.

नदीवरून गेलो. पूल पाहिला. कामठीपर्यंत गेलो, शहरावर जायची परवानगी नाही. तिथून वळताना मागून माह्या खांद्यावर हात ठेवला आन् बोट दाखवलं. नागपूर तिकडे धुरकट दिसत होतं. ओरडून म्हणाले, "त्यात आमचं घर आहे! विमलनं गाद्या उन्हात टाकल्या असतीन! मीच सांगून आलो, हवा कोरडी आहे म्हणून!"

दोन महिन्यांनी गेले. वहिनी, तेव्हापासून एकच गोष्ट माह्या छातीवर बसली आहे. त्या तब्येतीच्या माणसाले मी वर नेलं. थंड वारा, हादरे. माह्यामुळे गेले काय ते? फोटो पाठवला तेव्हा मले वाटलं, तुमाले सारं ठाऊक असन. त्यायनं घरी सांगितलंच असन. तुमचं पत्र आलं आन् कळलं, तुमाले काहीच ठाऊक नाही. म्हणून जुना फोटो म्हणून लिहून दिलं.

आता तुम्ही म्हणान ते.

बापूजी


इंदोरा
९ डिसेंबर

श्री. बापूजी,
नमस्कार.

आधी तुमचं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि ते काही एका सकाळीत झालेलं नव्हतं. विमानाने माणसाची मूत्रपिंडं जात नाहीत. तेव्हा हे ओझं उतरवा आणि वेळेवर झोपा. तुमच्या वयाला ते बरं.

आता बाकीचं. मी परवा परत कन्हानला गेले होते. भन्ते भेटले. मी सरळ विचारलं, विमानात बसणं म्हणजे उंच आसन होतं का? ते हसले. म्हणाले, "तो नियम थाटाच्या आसनांचा, मऊ पलंगांचा आहे. विमानाचा त्याच्याशी काय संबंध? तुमचे यजमानही हेच विचारायला आले होते."

मी म्हटलं, "कधी?"

म्हणाले, "फार वर्षं झाली. मी नवा होतो इथे. मी त्यांना सांगितलं, खुशाल बसा. तर म्हणाले, राहू द्या भन्ते, मला तो नियम असाच उपयोगी पडतो."

हे ऐकून मी गोंधळले. विहाराच्या पायरीवर बसून राहिले. अंजनाबाईंनी पाणी आणून दिलं. तुम्ही समजत होता की त्यांना शीलाने जमिनीवर बसवलं. शीलाने नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग कोणी बसवलं? उत्तर मी लिहीत नाही. रविवारी आलो तर बसेन असं ते म्हणाले, ते तुम्ही वाचून पाहा. तुमच्यासमोर 'बायकोला शब्द दिला आहे' म्हणण्यापेक्षा 'शील आहे' म्हणणं त्यांना सोपं गेलं असेल. तुम्ही पुरुष एकमेकांना कसे चिडवता ते मला माहीत आहे.

पण त्या आश्विन पौर्णिमेला तो शब्द मोडला, हेही खरं. यावर मी दोन दिवस अडून होते. मग तुमच्या पत्रातली गाद्यांची ओळ परत वाचली आणि तो दिवस आठवला.

गाद्या मी खरंच उन्हात टाकल्या होत्या. ते दुपारी ऑटोतून उतरले, हातपाय धुऊन ताटावर बसले. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "विमल, आज मी बापूजीबरोबर वर गेलो होतो. विमानात बसलो. कन्हानचा पूल आगपेटीएवढा दिसतो. तुला सांगितलं, आता जेवतो."

त्याच्या आधल्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, आई आली का म्हणून. आई जाऊन तीस वर्षं झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, या आजारात माणसाचा गोंधळ होतो, भलतंच बोलतात, लगेच कळवा. मी ताट तसंच ठेवून डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, आज विमानात बसलो म्हणताहेत. डॉक्टर म्हणाले, गोळी बदलू. मी संध्याकाळी जाऊन नवी गोळी आणली. ती दिली तेव्हा ते गोळीकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. मग घेतली. 

गोंधळ त्यांचा झालेला नव्हता.

तर आता मला पुरेसं समजलं आहे. वीस वर्षं पाळलं, एकदा मोडलं, आणि अन्नाला हात लावायच्या आधी सांगितलं. यावर मी उभं राहून बोलू शकते.

१९ तारखेला सकाळी तुम्ही इंदोऱ्याला आमच्या विहारात या. येताना माझी निळी गादी आणा. त्यांची चटई तुमच्याकडे राहिली असेल तर तीही. आणि जेवून जा. अळूची भाजी असेल.

विमल रामटेके


कन्हान
१४ डिसेंबर

विमलवहिनींना जय भीम.

पत्र सूनबाईकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा होता, तरी तिच्याकडूनच वाचून घेतलं.

वीस वर्षं पंखाखाली बसला तो माणूस, आन् मी त्याले म्हणत होतो, शील-शील काय करून राहिले गा. मले एकदा खरं सांगितलं असतं तर मी चिडवलं असतं काय? चिडवलं असतं. तुमचं बरोबर आहे.

गादी, चटई, दोन्ही आहे. येतो. तुमच्या पाहुण्यायसमोर मले बोलायले लावू नका तेवढं.

बापूजी


इंदोरा
२० डिसेंबर २०२५

श्री. बापूजी,
नमस्कार.

तुम्ही काल अळूची भाजी दोनदा घेतलीत, हे पाहिलं. तुम्ही मागे चपलांजवळ बसला होतात, कदाचित सगळं ऐकू आलं नसेल. म्हणून मी काय बोलले ते लिहिते.

मी म्हटलं, हे पौर्णिमेला अष्टशील घेत. विहारात बसत, मग मित्राच्या विमानापाशी जमिनीवर बसत. विमान त्यांना फार आवडायचं. मी नको म्हटलं होतं, म्हणून वीस वर्षं बसले नाहीत. शेवटी एकदा बसले, आणि त्याच दिवशी मला सांगितलं. एवढंच बोलून खाली बसले. पहिल्या ओळीतल्या गोपिकाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "विमानात? काहून वं, मुंबईले गेलते काय?" त्यावर जो हशा झाला तो तुम्हाला ऐकू आला असेल. माझी भावना तेव्हाच रडायला लागली, ते दिसलं नसेल.

उन्मेषने करून आणलेली पाटी मी परत करवून घेतली. 'आदर्श' हा शब्द काढला. 'कवडू रामटेके, उपासक' एवढं पुरे. तो म्हणत होता, विहारात विमानातला फोटो कसा दिसेल? मी म्हटलं, पांढरे कपडे आहेत ना, मग लाव.

काल घाईत देणं-घेणं झालं, म्हणून नोंद करून ठेवते.

तुमच्याकडून मला मिळालं: निळ्या लुगड्याची गादी, एक. एका कडेने उसवली आहे, मी शिवून घेईन. चटई, एक, गवताच्या काड्यांसकट.

विहाराला दिला: तुम्ही काढलेला फोटो, एक, फ्रेमसह. हॉलच्या भिंतीवर लावला.

माझ्याकडून तुम्हाला दिला: फोटोतला पांढरा सदरा, एक, धुऊन, इस्त्री करून. तुम्ही तो घडी घालून पेटीत ठेवाल, असं मला काल तुमच्या तोंडाकडे पाहून वाटलं. तसं करू नका. मऊ झालेला आहे. विमान पुसायला वापरा.

विमल रामटेके